ठसक्याचा रंग

आम्ही रोह्याच्या नव्या घरात सामान लावत होतो तेव्हा शेजारचे दत्तूकाका पहिल्यांदा आले, ते आमच्याशी एक शब्द न बोलता थेट भिंतीपाशी गेले. भिंतीवर तळहात फिरवला, दोन पावलं मागे आले, डोळे बारीक केले आणि मला विचारलं, "बाय, ह्यात दार कुठं हाय?"

स्वयंपाकघराचं दार त्यांच्या समोर हाताच्या अंतरावर होतं. मी तसं सांगितलं.

"मला दिसतं गो," ते म्हणाले. "पण शोधावं लागतं ना. भिंत पांढरी, चौकट पांढरी, दार पांढरं. पांढऱ्यावर पांढरं म्हणजे घरात धुकं. एक ठसका पायजे."

एवढं बोलून ते चहा न घेताच निघून गेले. आमचे हे म्हणाले, "शेजार चांगला मिळालाय." ते कोणत्या सुरात म्हणाले हे मला अजून कळलेलं नाही.

ठसका हा काकांचा लाडका शब्द. मिरचीची फोडणी दिली की शेजारच्या घरातला माणूसही खोकतो, तसा एखादा रंग असावा असं त्यांचं म्हणणं. सगळं घर रंगवायला ते कधीच सांगत नसत. घर राहू दे साधं, पण एका जागी असा रंग मारा की बघणाऱ्याची नजर तिथे जाऊन अडकली पाहिजे. चौकट घ्या, पायरीची कड घ्या, नाहीतर एखादी भिंत. "फोडणीशिवाय आमटी नि ठसक्याशिवाय घर, दोन्ही आजाऱ्याला द्यायचं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझ्या शाळेतल्या मुलांनाही एकदा वाक्प्रचार म्हणून सांगून बसले.

काका एसटीत कंडक्टर होते. रोहा-पेण, पेण-रोहा, सारी नोकरी त्याच रस्त्यावर गेली. नागोठण्याला कोण चढतं, वडखळच्या नाक्यावर कोण उतरून अलिबागची गाडी धरतं, कुणाची पोरगी पेणच्या कॉलेजात जाते, सगळं त्यांना ठाऊक. निवृत्त झाले, पण अंगातली गाडी काही थांबली नव्हती. घरात ते कधी बसलेले मी पाहिले नाहीत. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, मागच्या खोलीतून ओटीवर, आणि पुन्हा पुढे. कुणी बसा म्हटलं तर म्हणत, "कंडक्टरला शीट असते, पण ती बसायला नसते." बोलताना डाव्या हाताची बोटं एकमेकांवर आपटत, तिकिटाला भोकं पाडल्यासारखी. आणि कुणी वाटेत उभं राहिलं की आपोआप म्हणत, "पुढं सरा, पुढं सरा." एकदा आमच्या गणपतीच्या आरतीतही म्हणाले.

आता त्यांचं घर. आमची आणि त्यांची मधली भिंत एकच, त्यामुळे दोन्ही घरांचा आराखडा सारखा. पण आमच्या घरातून त्यांच्या घरात गेलं की शाळेतून जत्रेत आल्यासारखं वाटायचं. दारांच्या चौकटी शेंदरी. बाहेरच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा. विजेच्या बटणांच्या पाट्यांभोवती हातभर काळी चौकट, जणू प्रत्येक बटणाचा फोटो लावलाय. फ्रिज पांढरा, म्हणून त्याच्या मागची भिंत गडद निळी. स्वयंपाकाच्या ओट्याला लाल कड, मोरीच्या उंबऱ्याला लाल कड, न्हाणीतल्या पांढऱ्या बादलीच्या काठालासुद्धा लाल पट्टा.

जेवणाचंही तेच. भात निळ्या ताटात, आमटी पांढऱ्या वाटीत. मी एकदा जेवायला होते, भात थोडा वाटीत घेऊ लागले, तर काकांनी माझा हात धरला.

"पांढऱ्यात पांढरं नको, बाय."

"काका, तो भात आहे. मी खाणार आहे, त्याचं प्रदर्शन नाही भरवणार."

"खायचंच हाय, म्हणून तर म्हणतो."

शालूकाकू ह्यावर काही बोलत नसत. काका जितके चुळबुळे, तितक्या काकू शांत. गोऱ्या, ठेंगण्या, नऊवारी सोडून पाचवारीत आल्या तरी चाल नऊवारीचीच. त्यांचं जेवण आळीत नावाजलेलं होतं. पण गेली काही वर्षं त्या कुणाकडे जात नव्हत्या. हळदीकुंकवाला बोलावलं तर "गुडघं दुखतात गो" म्हणत. रस्त्यात समोरून गेलं तर ओळख दाखवत नसत. आळीतल्या बायका म्हणत, मुलगा पुण्याला मोठा झाला तशी शालूला शिष्टपणा आला. मला मात्र घरात गेलं की त्या हाताला धरून बसवून घेत, आणि पोटभर गप्पा मारत. मी दोन्हींचा मेळ घालायच्या फंदात पडले नाही.

काकांचा त्रास असा, की एक रंग मारून ते गप्प बसत नसत. शेंदरी चौकटी आधी हिरव्या होत्या. त्याआधी विटकरी. दर चार-सहा महिन्यांनी त्यांना वाटे, हा रंग बसला. "बसला" म्हणजे जमला नव्हे, खाली बसला, दमला. मग घरात पुन्हा शिडी, पुन्हा टर्पेंटाइनचा वास, पुन्हा आमच्या ह्यांची झोप उडायची. हे धाटावला कंपनीत, रात्रीची शिफ्ट करून सकाळी झोपायचे, आणि मधल्या भिंतीवर पलीकडून खर्रखर्र खरवडणं सुरू व्हायचं. एकदा हे लुंगीवरच गेले आणि म्हणाले, "काका, भिंत अर्धी माझी आहे." काका म्हणाले, "व्हय, तुमच्या अर्ध्याला मी हात लावत नाय."

सगळ्यात गाजला तो गणपतीचा रंग. काकांच्या मामेभावाचा जोह्याला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. तिथे काकांना पीतांबराचा पिवळा आवडला. झळझळीत, लांबून दिसणारा. भावाकडून तो लोणच्याच्या बरणीत भरून आणला आणि दाराच्या आतल्या बाजूला मारला. खरंच सुंदर दिसला. दुसऱ्या दिवशी काकूंनी ओल्या फडक्याने दार पुसलं, आणि सगळा पीतांबर फडक्यात आला. आमचे हे म्हणाले, "काका, तो रंग विसर्जनासाठीच केलेला असतो." आळीत आठवडाभर हसणं चाललं. काका मात्र अजिबात खट्टू झाले नाहीत. बरणी धुवून ठेवली आणि म्हणाले, "चार पावलांवरून दिसत व्हता. आता तोच तेलाच्या रंगात शोधायचा."

तो शोधायला ते पेणला निघाले त्या दिवशी मलाही शाळेच्या कामासाठी पेणला जायचं होतं. गाडीत जागा होती, पण काका उभेच. नव्या कंडक्टरला रस्ताभर सूचना. नागोठण्याला म्हातारी चढली तेव्हा तिला माझ्याशेजारी बसवलं, वडखळला उतरणाऱ्यांना आधीच दाराशी नेऊन उभं केलं. नवा कंडक्टर बिचारा तिकिटांपुरता उरला.

पेणला बाजारात इस्माईलभाईंचं रंगाचं दुकान. काकांना पाहून भाईंनी एक सुस्कारा सोडला आणि रंगांचं कार्ड पुढे केलं. काका ते कार्ड घेऊन दुकानाबाहेर गेले. उन्हात धरलं, मग छपराच्या सावलीत धरलं. मग खिशातला रुमाल उलगडून कार्डावर पसरला आणि रुमालातून बघायला लागले. रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले. मी दुकानातल्या स्टुलावर जरा आतल्या बाजूला सरकले.

"दत्तूभाऊ, एक तरी फायनल करा," इस्माईलभाई म्हणाले. "मागच्या वेळी शेंदरी नेला, लई खूश होता तुम्ही."

"व्हता चांगला. आता बसला."

"माझ्याकडचा रंग पाच-पाच वर्षं उडत नाय."

"उडला नाय ओ. दिसत नाय." काकांनी बोट एका पिवळ्यावर ठेवलं. "हा पलंगापासून दाराइतक्या लांबून दिसेल?"

भाई माझ्याकडे वळले. "बाई, सगळी दुनिया येते, म्हणते चांगला दिसेल का. हे एकटेच, दिसेल का विचारतात."

आम्ही दोघं हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी शेवटी कुठलाच रंग घेतला नाही. परतीच्या गाडीत पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले.

त्यांचा मुलगा संजू पुण्याला चांगल्या नोकरीत होता. शांत, नीटनेटका, आईवर गेलेला. सणाला यायचा, बापाच्या घराकडे बघून मान खाली घालायचा. त्याच्या सासरची माणसं एकदा रोह्याला येऊन गेली आणि त्या भेटीवरून त्याच्या घरी बरंच हसणं झालं असावं. मला म्हणाला, "ताई, घर बघून वाटतं बालवाडीतल्या पोरांना ब्रश दिलेत." आईबाबांनी पुण्याला येऊन राहावं असं त्याच्या मनात होतं. विषय काढला की काका ओटीवर निघून जायचे आणि काकू म्हणायच्या, "इथं बरं हाय रे." मग त्याने ठरवलं, येत नसतील तर निदान त्यांचं घर तरी माणसांसारखं करून द्यायचं.

जोह्याच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न निघालं. काकू कुठे जात नसत, पण ह्या लग्नाला जाणं भाग होतं. काका त्यांना घेऊन आठवडाभर जोह्याला गेले. ते गेले आणि दुसऱ्याच दिवशी संजू दोन रंगारी घेऊन हजर.

काम त्याने झकास करून घेतलं. सगळ्या भिंती मोतिया पांढऱ्या. चौकटी, दारं, बटणांच्या पाट्यांभोवतालचा काळा, पायऱ्यांचा पिवळा, ओट्याची लाल कड, सगळं त्याच एका मऊ पांढऱ्याखाली गेलं. निळी ताटं माळ्यावर चढली आणि त्यांच्या जागी पांढरा काचेचा नवा सेट आला. मी बघायला गेले आणि खरं सांगते, मला ते आवडलं. घर मोठं वाटत होतं. आत पाऊल टाकलं की आवाजसुद्धा हळू काढावासा वाटत होता.

ते दोघं परतले तेव्हा दुपार होती. रिक्षा दाराशी थांबली. संजू ओटीवर उभा, चेहऱ्यावर मुलांच्या बक्षीस समारंभातलं हसू. मीही कुतूहलाने बाहेर आले. काका रिक्षातून उतरले आणि घराकडे बघून जागच्या जागी थांबले. काकू मागून उतरल्या, त्यांनी मान वर केली, नाक ओढलं.

"रंगाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"आई, तुमच्यासाठी. आत तर ये."

काकांनी काकूंचा दंड धरला. रोज पिवळ्या पट्ट्यांच्या पायऱ्या त्या एकट्या भराभर चढत. आज पहिल्या पायरीला पाय नुसताच पुढे गेला, मग मागे आला. काका कानाशी काहीतरी बोलले, आणि दोघं वर आले. मागोमाग मीही आत गेले. आत गेल्यावर काकूंनी काकांचा हात सोडवला.

"कसं वाटतंय?" संजूने खिडकीपाशी उभं राहून विचारलं.

"छान झालंय रे. लई छान." काकू हसून म्हणाल्या. पण त्या बघत होत्या ते कपाटाकडे. संजू तिथे नव्हता. "बस तू. चहा टाकते," असं म्हणून त्या वळल्या, रोजच्या सवयीने चार पावलं चालल्या, आणि दाराशेजारच्या भिंतीवर आपटल्या.

मोठा आवाज नाही झाला. कपाळ आणि बांगड्या, एवढाच आवाज. काकू तिथेच उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी भिंत चाचपू लागल्या. डावीकडे, उजवीकडे. दार उजवीकडे वीतभर अंतरावर होतं, पांढऱ्यात पांढरं. त्यांचा हात तिथपर्यंत पोचायला फार वेळ लागला असं मला वाटलं.

आणि दत्तूकाका खुर्चीवर बसले. मी त्यांना बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"कधीपासून?" आईला हाताला धरून बसवत संजूने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

काका जमिनीकडे बघत बोलू लागले. काकूंच्या डोळ्यांचा पडदा गेली काही वर्षं खराब होत चालला होता. मुंबईला दोन ठिकाणी दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येणार नाही, उरली आहे तीही हळूहळू जाईल. तोवर काळजी घ्या, गडद रंग दिसत राहतील थोडेफार.

"म्हणून मग रंगवत व्हतो," काका म्हणाले. "काही दिवस दिसायचा. मग ती म्हणायची, बसला. म्हणजे दिसेना झाला. मग दुसरा बघायचा."

मला पेणचा रुमाल आठवला, आणि आमचे हे लुंगीवर जाऊन भांडले होते ते आठवलं. मी निघून जावं म्हणून वळले, तर काकूंनी माझ्या पावलांच्या आवाजाच्या दिशेने हात केला. "बस गो. आता कुणापासून लपवायचं."

"मला का नाही सांगितलं?" संजू म्हणाला.

"तू घेऊन गेला असतास," काकू म्हणाल्या.

"मग? न्यायलाच पाहिजे. उद्याच चला. तिथे मी आहे, मोठे डॉक्टर आहेत, बाईमाणूस ठेवू. इथे तू स्टोव्हपाशी एकटी..."

"मी येत नाय."

"आई, हा हट्ट करायची वेळ आहे का?"

काका उठले. आत गेले, कपाटातून आपला जुना चष्मा काढला. मग स्वयंपाकघरात जाऊन तुपाच्या डब्यात बोट घातलं आणि दोन्ही काचांवर तूप माखलं, आतून बाहेरून, अगदी मन लावून. तसा तो चष्मा आणून त्यांनी मुलाच्या नाकावर ठेवला.

"हे काय, बाबा?"

"मी असाच तपासायचो. डॉक्टरनी सांगितलं व्हतं, तिला साधारण असं दिसतं. आता आत जा नि आईला पाणी आणून दे."

संजूला राग आला असावा. पण बापाच्या आवाजात असं काहीतरी होतं की तो वळला. हात पुढे धरून चालू लागला. ह्याच घरात तो लहानाचा मोठा झालेला. स्टुलाला अडखळला. भिंतीपाशी पोचला. भिंतीवर हात फिरवत राहिला, त्याने स्वतः निवडलेल्या त्या मऊ पांढऱ्यावर. थोड्या वेळाने तो थांबला.

"बाबा, दार कुठे आहे?"

काका नुसते उभे होते, बोटं एकमेकांवर आपटत.

संजू दार शोधायचं सोडून परत फिरला. चष्मा त्याने काढला नाही. आईच्या बांगड्यांच्या आवाजाच्या अंदाजाने तिच्यापाशी आला, खाली बसला आणि तिच्या तोंडासमोर तोंड नेलं.

"आई, तुझं तोंड दिसत नाय मला," तो म्हणाला. पुण्याला गेल्यापासून त्याच्या तोंडून 'नाय' मी पहिल्यांदा ऐकलं.

"मला पण तुझं दिसत नाय रे. झाले कितीतरी दिवस." काकूंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "मिशी काढलीस का?"

"दिवाळीत."

"मला वाटलंच. बोलणं जरा मोकळं वाटत व्हतं."

मग ती दोघंही हसायला लागली, आणि संजूचं हसणं मधेच मोडलं. काकू त्याचं डोकं थोपटत राहिल्या. काका पुन्हा येरझाऱ्या घालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संजूने पुण्याला फोन करून रजा वाढवली. बापलेक मोटरसायकलवर बसून पेणला निघायला लागले. काका मागे बसले होते, तोंडाने हिशेब चालू होता. चौकटींना तोच शेंदरी जरा गडद करून, पायरीला पिवळाच, ओट्याला लाल. काकू ओटीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शेंदरी नको."

"दिसत नाय का अगदीच?" काकांनी घाबरून विचारलं.

"दिसतो. पण मला आवडत नाय."

काका मोटरसायकलवरून उतरले.

"कधीपासून आवडत नाय?"

"पहिल्यापासून. म्हसोबाच्या देवळात राहिल्यासारखं वाटतं."

"मग बोललीस का नाय?"

"तुम्ही विचारलंत कधी? ह्या चौकटीला दिसतो का, त्या कडेला दिसतो का. एवढे रंग मारलेत, एकदा तरी म्हणालात का, शालू, तुला कुठला पायजे?"

सगळ्या आळीला रंग सांगणारा तो माणूस रस्त्यात उभा राहून चपलेच्या टोकाने मुरूम उकरत होता. संजू मान फिरवून हसू लपवत होता. शेवटी काका हळूच म्हणाले, "मग कुठला पायजे?"

"मोरपंखी," काकू ताबडतोब म्हणाल्या. विचार करायची त्यांना गरजच पडली नाही. "गडद घ्या. नि सगळ्याला तोच. जत्रा नको घरात. एकच रंग, ठसक्याचा."

मोरपंखी आला. इस्माईलभाईंनी तो दोनदा कालवून दिला. बापलेकांनी मिळून रंगवला. संजू रेषा सरळ मारायचा, काका भरायचे आणि मधूनमधून "पुढं सर" म्हणायचे. मीही एका चौकटीला हात लावला. मोतिया पांढऱ्या भिंती तशाच ठेवल्या. त्यावर दारं, कडा, पायऱ्या, बटणं, सगळं मोरपंखी. ते घर इतकं देखणं झालं की आळीतल्या बायका बघायला आल्या आणि दोघींनी इस्माईलभाईंचा पत्ता घेतला. काकूंनी त्यांना आपण होऊन डोळ्यांचं सांगितलं. त्यानंतर त्यांच्याकडे येणंजाणं सुरू झालं, आणि शिष्टपणाचा विषय बायकांनी आपापसात मुकाट्याने मिटवून टाकला. संजू दर पंधरवड्याला येऊ लागला. पुण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. जाताना मात्र एकदा माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, तिथल्या घरात पण एक खोली मोरपंखी करून ठेवलीय. आली तर असू दे."

हे इथे संपलं असं मी धरून चालले होते. पुढे पावसाळा सरल्यावरची एक दुपार. काकूंनी दिलेलं वाटाण्याच्या उसळीचं भांडं परत द्यायला मी गेले. दार लोटलेलं होतं. काकू आतल्या खोलीत पलंगावर झोपल्या होत्या, पंख्याचा आवाज येत होता. पुढच्या खोलीत काका खिडकीकडे तोंड करून खुर्चीत होते. डोळ्यांवर तो चष्मा, आणि खोलीभर तुपाचा वास.

मला वाटलं, मोरपंखीही आता बसला. मी हळूच विचारलं, "काका, दुसरा रंग बघताय का?"

त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली. नजर माझ्या खांद्याशेजारून पलीकडे गेली.

"कोण, बाय का?" ते म्हणाले. "नाय गो. रंग चांगला हाय. तिला अजून दिसतो."

"मग हे?"

खिडकीबाहेरून सायकलची घंटी गेली. त्यांनी त्या बाजूला कान दिला, आणि ती दूर जाईपर्यंत तसेच ऐकत राहिले.

"ती सगळा दिवस हितं एकटीच असते ना," ते म्हणाले. "मी घरभर फिरतो, बोलतो, पण मी हिकडं नि ती तिकडं. ती झोपली की मी जरा तिच्याकडं जाऊन येतो."

मी भांडं ठेवायला गेले तेव्हा त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"तिला सांगू नकोस हां. तूप कमी का होतं म्हणून मांजरावर संशय घेते."